चुकेल त्याचं राज्य

सर शिट्टी वाजवत नसत. मुलांना गप्प करायचं झालं की ते खाली बसायचे. साठ मुलांचा दंगा चालू असायचा, हॉलच्या पत्र्याखाली कान बधिर व्हायचे, आणि सहा फुटी माणूस एकदम दिसेनासा व्हायचा. मग एखादं पोर "सर कुठं गेले?" म्हणत खाली बघायचं, बघता बघता तेही बसायचं, शेजारचं बसायचं, आणि मिनिटभरात सगळा हॉल जमिनीवर. पहिल्या वर्षी मी सामानाच्या यादीत दोन शिट्ट्या लिहिल्या होत्या. त्या अजून पाकिटातच आहेत.

शिबिर उन्हाळ्याच्या सुट्टीत असतं. शुक्रवार पेठेतल्या एका शाळेचा हॉल, सकाळी साडेसात ते साडेदहा, दहा दिवस. साडेदहानंतर सोलापूरच्या मे महिन्यात साठ मुलं एका पत्र्याखाली ठेवणं शहाणपणाचं नाही. खर्च पुण्याची एक संस्था करते, समन्वयक मी. येणारी मुलं चौथी-पाचवीची. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी दखनी, कुणाच्या घरी कानडी, शाळेत सगळ्यांना मराठी. धडा घडाघडा वाचतील, पण "काल संध्याकाळी काय केलंस?" विचारलं की मान खाली. त्यांना मराठी बोलतं करायचं, आणि तेही गटातल्या खेळांमधून, एवढंच शिबिराचं काम. पाच वर्षं ते सरांनी केलं. नंतर शिबिर त्यांच्या हातून गेलं. ते कसं गेलं हे मला नीट माहीत आहे, कारण त्यात माझा हात आहे.

सर मैंदर्गीचे. घरची भाषा कानडी. जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी करून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगा-सून गावातच. सकाळच्या पहिल्या एसटीनं अक्कलकोटवरून सोलापूरला यायचे आणि सात वाजता हॉलच्या पायरीवर असायचे. राहायची सोय करते म्हटलं तर नको म्हणाले. "एसटीत बरं असतंय. लोक बोलायलेले असतात. ऐकत यायचं." गाडीत ऐकलेलं एखादं वाक्य ते रोज मुलांना द्यायचे आणि विचारायचे, हे कोण म्हणालं असेल, कुणाला, आणि का? अर्धा तास मुलं त्यावर भांडायची. मराठीत.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझा नावनोंदणीचा फॉर्म नापास केला. फॉर्मवर 'मातृभाषा' असा रकाना होता आणि शाळेला बरं वाटावं म्हणून निम्म्या पालकांनी तिथं 'मराठी' लिहिलं होतं. सर टेबलापाशी आले, एका आईला म्हणाले, "ताई, एक विचारू? घरात भांडण कुठल्या भाषेत होतंय?"

ती बाई हसायलाच लागली. "भांडण व्हय? सुरू तेलुगूत हुतंय. शिव्या मराठीत."

"मग दोन भाषा लिहा," सर मला म्हणाले. "आन ह्ये सगळे फॉर्म परत भरा."

साठ फॉर्म पुन्हा भरले. तो रकाना मी अजून ठेवला आहे, कारण तो बरोबर आहे. भांडणाची भाषा कळली की सर मुलांना गोलात बसवायचे ते असं, की शेजारी शेजारी एका भाषेची दोन मुलं यायची नाहीत. शेजाऱ्याशी काही बोलायचं तर मराठीशिवाय इलाज नाही. जागा बदलायची मुभा नव्हती. त्यांच्या शिबिरातला हा एकच कडक नियम.

खेळ साधे होते. कापडी पिशवीत एखादी वस्तू असायची. एकानं हात घालून चाचपायचं आणि नाव न घेता सांगायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. दुसऱ्या खेळात एकानं दुकानदार व्हायचं, दुसऱ्यानं बोट न दाखवता आणि नाव न घेता गिऱ्हाईक. पिशवीतल्या वस्तू ते वर्षभर मैंदर्गीत जमवायचे. तुटलेला अडकित्ता, बैलाच्या गळ्यातलं घुंगरू, कुठल्याशा यंत्राचं रबरी चाक. "माझं वर्ष मे म्हैन्यात असतंय," ते म्हणायचे. "बाकीचे अकरा म्हैने नुस्तं थांबायचं." मी तेव्हा हे हसण्यावारी नेलं. त्यांच्या घरी जाऊन आल्यावर कळलं की ते माहिती सांगत होते.

या सगळ्या खेळांना त्यांनी एक नियम लावला होता, आणि त्या नियमानंच पुढं सगळं झालं. इतर खेळांत चुकणारा बाद होतो, बाजूला बसतो. सरांच्या खेळात चुकेल त्याचं राज्य. चुकलेलं मूल गोलाच्या मधे उभं राहणार, पुढचा डाव तेच चालवणार, सगळ्यांनी त्याचं ऐकायचं, सरांनीसुद्धा. अट एकच. मधे जायच्या आधी गोलातले सगळे ओरडणार, "का?" आणि मुलानं आपण जे म्हणालो ते का म्हणालो, हे सांगायचं. कारण पटलं की राज्य.

हा नियम कुठून आणला, असं मी एकदा विचारलं. ते शेंगा सोलत होते. म्हणाले, "मला धाव्या वर्षापर्यंत मराठी येत नव्हतं. चुकलं की मास्तर वर्गाबाहेर उभं करायचे. तिसरी आन चौथी मी भाईरच शिकलो." एवढंच बोलले आणि टरफलं गोळा करून कागदात बांधली.

दुसऱ्या वर्षापासून मुलं मुद्दाम चुकायला लागली. साहजिक होतं. बरोबर उत्तराला काहीच मिळत नव्हतं आणि चुकीला राज्य मिळत होतं. सकाळी हॉलच्या दारातच कुणीतरी सांगायचं, "सर, मी आज लई मोठं चुकणार हाय." मला ते बघवेना. मी सरांकडे तक्रार नेली.

"मॅडम," ते म्हणाले, "मुद्दाम चुकायचं तर बरोबर काय ते आधी ठावं असाय लागतंय की. आन चूक अशी पायजे, की सगळ्या गोलाला कळली पायजे ही चूक हाय. परत त्याचं कारणबी द्यायचं, आन ते पटलं पायजे. आता सांगा, परीक्षेत बरोबर लिहायला एवढी अक्कल लागती का?"

मला तेव्हाच पटलं होतं. हे लिहून ठेवते, कारण नंतर मी ते न पटल्यासारखी वागले.

एवढ्यावरून सर कुणाला प्रेमळ वाटतील तर तो गैरसमज होईल. मुलांची चूक त्यांना हातात धरून बघण्यासारखी वस्तू वाटायची. मोठ्यांची चूक त्यांना सहन व्हायची नाही. तिसऱ्या वर्षी मदतीला एक तरुण शिक्षिका होत्या. खेळाच्या भरात त्यांच्या तोंडून एका मुलाला "तू बाद" असं निघून गेलं. सरांनी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं बंद केलं. शिबिर संपेपर्यंत. त्या शेवटच्या दिवशी पाया पडायला गेल्या तर सर पिशवी आवरत राहिले. "सर, सवयीनं बोलून गेले हो," असं त्या बिचाऱ्या दोनदा म्हणाल्या. सरांनी पिशवीची नाडी बांधली, तिची गाठ ओढून बघितली आणि एसटी गाठायला निघून गेले. पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत. मला दुसरी मदतनीस शोधावी लागली.

माझ्यावर त्यांचा राग असा नव्हता. मी त्यांना चेष्टेचा विषय होते. मी याद्या करते. साहित्य, हजेरी, वेळापत्रक, कुणाला कसली ॲलर्जी, कुणाला न्यायला कोण येणार. साठ मुलं घरी सुखरूप पोचतात ती याद्यांमुळे, खेळांमुळे नाही. हे सरांनी कधी कबूल केलं नाही. मला "हजेरीबाई" म्हणायचे. मुलंही म्हणायला लागली. मी हसून घेतलं. चार वर्षं हसून घेतलं.

पाचव्या वर्षी शिबिराआधी संस्थेकडून मेल आली. त्यांनी भाषेच्या छापील पुस्तिका तयार केल्या होत्या. रोज दोन पानं, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. बऱ्याच ठिकाणी त्या सुरू झाल्या होत्या. आमच्याकडे खेळ चालू ठेवायचे की पुस्तिका आणायच्या, हे संस्थेच्या एक ताई येऊन, मुलांशी बोलून ठरवणार होत्या. मी सरांना मेल वाचून दाखवली. पुस्तिका आल्या तर सरांना बोलवायचं कारण उरणार नव्हतं. ते त्यांनाही कळलं. 

"येऊ द्या की ताईंना," म्हणाले. "पोरं हायत. बोलतील."

"सर, त्यांना चुकण्याचा नियम आधी समजावून सांगू या. कागदावर लिहून देते मी."

"खेळ असा फोड करून सांगायचा नसतोय. बसावं आन खेळावं. कळंल."

"आणि नाही कळलं तर?"

"इतकी शिकलेली बाई. तिला का कळणार न्हाय?"

ताई यायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. मी नवं वेळापत्रक करून भिंतीला लावलं होतं. सरांनी मुलांना उठवून त्याच्यासमोर नेलं आणि म्हणाले, आजचा खेळ हाच, यातली चूक शोधा. मी दारात पालकांशी बोलत होते. पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, मुलं निदान वाचतील.

चूक शोधली श्रीलतानं. पाचवीतली मुलगी, वडील यंत्रमागावर, घरात तेलुगू. गेल्या वर्षी, चौथीत, ती आठवडाभर फक्त मान हलवायची. आता बोटं मोजत खणखणीत आवाजात म्हणाली, "पाणी पिणे, पाच मिनिटं. आपण साठ जण. नळ एकच. म्हणजे एकाला पाच सेकंद. सर, पाच सेकंदात तर नळाखाली तोंडपण जात नाही!"

हॉल हसला. दारातले पालकही हसले. चूक माझीच होती, आणि खरी होती. तीन नळांपैकी दोन बंद होते, हे मला माहीत असून मी जुनाच मजकूर उचलला होता. मुलं नाचायला लागली, "मॅडम चुकल्या! मॅडमचं राज्य!" दोघी-तिघींनी माझा हात धरून मला गोलाच्या मधे ओढायला सुरुवात केली. मी हात सोडवून घेतला आणि "मला कामं आहेत" म्हटलं.

मागून सरांचा आवाज आला. आवाज मोठा होता. मुलांना उद्देशून होता, पण मला आणि पालकांना ऐकू जाईल असा. "राहू द्या रे. मॅडमच्या यादीत सगळं असतंय. पोरं तेवढी नसतात."

ऑफिसात जाऊन मी तोंड धुतलं. प्लंबरला फोन केला. दुपारपर्यंत तिन्ही नळ सुरू झाले. सरांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

संस्थेच्या ताई वेळेवर आल्या. चांगल्या होत्या, हे सांगितलं पाहिजे. आवाज चढवला नाही, मुलांसोबत जमिनीवर बसल्या. त्यांच्याकडे चित्रांचा गठ्ठा होता आणि मोबाइलवर फॉर्म. चित्र दाखवायचं, काय आहे ते विचारायचं, बरोबर किंवा चूक यावर बोट ठेवायचं. शिबिर खेळांचं आहे म्हणून त्यांनी मुद्दाम मुलांना गोलात बसवलं आणि म्हणाल्या, "चला, आपणही एक खेळ खेळू या."

तिथंच चुकलं. त्यांनी रांगेत बसवलं असतं, एकेकाला ऑफिसात बोलावलं असतं, तर मुलांनी शाळेतल्यासारखी उत्तरं दिली असती. पण गोल होता, आणि खेळ म्हटलं होतं. मुलांच्या दृष्टीनं पाहुण्या बाईंनी सरांचा खेळ मांडला होता. एवढ्या नव्या पाहुणीसमोर राज्य कुणाला नको असेल?

पहिलं चित्र विहिरीचं. श्रीलतानं हात वर केला. "ही कढई आहे."

ताई थांबल्या. "कढई?"

"हो. देवाची. यात पाऊस तळतात." मग कुणी "का" म्हणतंय याची वाट न बघता तिनं सांगूनही टाकलं, "सोलापुरात येईपर्यंत पाऊस वाळून जातो ना, म्हणून."

शेजारी अरबाज होता. त्याला राहवेना. "हट, कढई कुठली! मॅडम, हा एका म्हाताऱ्याचा कान आहे. आत ओरडलं की त्याला लई उशिरा ऐकू येतंय. मग तो परत तेच ओरडतो, काय म्हणाला, काय म्हणाला!"

गोल खदखदून हसला. ताईंनी दोनदा मोबाइलवर बोट ठेवलं. मी भिंतीजवळ उभी होते, तिथून स्क्रीन दिसत होता. दोन्ही खुणा लाल.

एसटी झाली कुंभकर्णाची चप्पल. पोस्टाची पेटी झाली कुणाशी न बोलणारी आत्या, सगळ्यांचं ऐकून घेते, पोटात ठेवते, सांगत काहीच नाही. मुलं एकमेकांवर कडी करत होती. शुद्ध, भरघोस, न अडखळणारं मराठी. पाच वर्षांत मी असं ऐकलं नव्हतं. आणि वाक्यागणिक एक लाल खूण.

सर भिंतीला टेकून खाली बसले होते. चेहऱ्यावर इतकं समाधान मी कुणाच्या पाहिलेलं नाही. मी वाकून कानाशी म्हटलं, "सर, त्यांना सांगा. त्या चूक लावतायत सगळं."

"गप बसा की जरा," ते म्हणाले. नजर मुलांवरून हलली नाही. "ऐका. काय बोलायलीत बघा."

"सर, शिबिर जाईल."

"असं ऐकून कुणी शिबिर बंद करतंय व्हय?"

शेवटचं चित्र यंत्रमागाचं. ताईंनी ते खास सोलापूरसाठी आणलं होतं. त्यांनी ते श्रीलतापुढं धरलं, तिला सोपं जावं म्हणून. तिच्या वडिलांचं काम त्यांना फॉर्मवरून माहीत होतं. श्रीलता चित्राकडे बघून हसली. "हा पलंग आहे. झोप न येणाऱ्या माणसाचा. तो कूस बदलतो, खटखट, खटखट. सगळ्या गल्लीला कळतं, ह्याला झोप नाही."

ताईंनी चित्र खाली ठेवलं. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. उठून माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हिला मागही ओळखता येत नाही? घरी रोज बघत असेल ना ही? मॅडम, ही मुलं नेहमी अशीच उत्तरं देतात का?"

मला काय सांगायचं होतं ते पूर्ण माहीत होतं. चुकेल त्याचं राज्य. कारण सांगावं लागतं. तिला 'माग' शब्द येतो, म्हणून तर तिनं पलंग म्हटलं. चार वाक्यांचं काम. पण दोन दिवसांपूर्वीचा तो हशा माझ्या कानात होता. यादीत पोरं नसतात म्हणे. आणि सर तिथं भिंतीला टेकून बसले होते, इतके खूश, इतके निर्धास्त, की जणू त्यांच्या वतीनं बोलणं हे माझं कामच आहे आणि मी ते करणारच.

"हो," मी म्हटलं. "रोज अशीच."

ते खरं होतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

यानंतरही वेळ गेलेली नव्हती. आठवड्यानं ताईंनी अहवालाचा मसुदा माझ्याकडे पाठवला, काही दुरुस्ती असेल तर कळवा म्हणून. 'नेहमीच्या वस्तूंची नावेही मुलांना सांगता येत नाहीत. मुले रोज अशीच उत्तरे देतात, यास समन्वयकांनी दुजोरा दिला.' मी तो दोनदा वाचला. मुलांची संख्या अठ्ठावन्न पडली होती, ती साठ केली. बाकी ठीक आहे, असं कळवलं.

सरांना अहवालाची प्रत आणि आभाराचं पत्र टपालानं गेलं. फोन मी केला नाही.

आता पुस्तिका आहेत. शिबिर नीट चालतं. मुलं रांगेत बसतात, वेळापत्रक पाळलं जातं, तीन नळ आहेत, पाणी दहा मिनिटं. शेवटच्या दिवशी चाचणी होते आणि निकाल चांगला लागतो. सगळ्यांना 'विहीर' लिहिता येतं. हॉलमध्ये इतकी शांतता असते की पत्रा तापल्यावर कडकड वाजतो तो ऐकू येतो.

पुस्तिकांच्या पहिल्या वर्षी श्रीलताही आली होती, धाकट्या भावाला घेऊन. ती सहावीत गेली होती, पण बसू दिलं. दोन पानं भरून माझ्याकडे आली. "मॅडम, इथं चुकलं तर काय?"

"काही नाही. खोडायचं आणि बरोबर लिहायचं."

"बास?"

"बास."

दुसऱ्या दिवशी भाऊ एकटाच आला.

त्याच वर्षी संस्थेनं जुन्या मार्गदर्शकांना सन्मानपत्र द्यायचं ठरवलं. यादी मीच करून दिली. बाकीच्यांची कुरिअरनं पाठवली. सरांचं घेऊन मी मैंदर्गीला गेले. का गेले, याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही. शनिवार मोकळा होता आणि काम उरकायचं होतं, असं मी घरी सांगितलं.

दुपारची वीज गेलेली. सर ओसरीत जमिनीवर बसले होते. बारीक झाले होते. सुनेनं पाणी आणलं, कानडीत त्यांना काहीतरी विचारलं, त्यांनी नुसती मान हलवली. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. भिंतीशी खोकी रचलेली, वरच्या खोक्यातून धुणं बडवायची लाकडी मोगरी आणि एका जुन्या पंपाची मूठ बाहेर आलेली. त्या वर्षीही त्यांनी वस्तू जमवल्या होत्या.

मी सन्मानपत्र दिलं. प्लॅस्टिकचं आवरण घातलेलं, सोनेरी कडा. त्यांनी ते पूर्ण वाचलं आणि मग त्यानंच वारा घ्यायला लागले.

"पोरं काय म्हणतात?"

"बरी आहेत. निकाल चांगला लागतो."

"बोलतात का?"

मी पाण्याचा पेला उचलला. वाऱ्यासाठी ते सन्मानपत्र हलवत होते. म्हणाले, "एक विचारायचं होतं. वर्ष झालं, डोक्यात हाय. अहवालात लिवलंय, तुमी दुजोरा दिला म्हणून. तवा तुमाला कळलं होतं का, पोरं मुद्दाम चुकायलीत ते?"

येताना एसटीत मी या प्रश्नाची दोन-तीन उत्तरं तयार केली होती. गडबड होती, त्या बाईंनी एकदम विचारलं, माझ्या लक्षात आलं नाही. यातलं कुठलंही चाललं असतं. त्यांनी मानलंही असतं.

"कळलं होतं," मी म्हटलं. "पहिल्याच चित्राला."

सरांचा हात थांबला. माझ्याकडे त्यांनी प्रथमच नीट बघितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांच्या चेहऱ्यावर उलट एक प्रकारची सुटका दिसली.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "मला वाटायचं, पाच वर्षं बसून ह्या बाईला काय बी कळलं न्हाय. ज्याला कळत न्हाय त्याच्यावर राग कसा धरायचा? धरता येत नव्हता. लई त्रास झाला त्याचा. आता येतंय धरता."

सुनेनं चहा आणला होता. त्यांनी तो मला पिऊ दिला. मग उठले, चपला घातल्या आणि मला स्टँडवर सोडायला आले. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. सोलापूरची गाडी लागलेली होती. त्यांनी आत चढून सावलीच्या बाजूची खिडकी बघितली, कंडक्टरला सांगितलं, ह्या बाई सोलापूरला उतरणार, आणि खाली उतरले. गाडी सुटेपर्यंत ते तिथंच, माझ्या खिडकीखाली उभे होते. मी दोनदा "येते सर" म्हटलं. ते समोरच्या पाटीवरच्या गाड्यांच्या वेळा वाचत होते.